शुक्राचे अधिक्रमण आणि जान्सेनची तबकडी

शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दूरदूरच्या दोन ठिकाणांहून पाहिला, तर त्याची वाट किंचित निराळी दिसते. या फरकावरून सूर्याचे अंतर काढता येते. मात्र शुक्र बिंबाच्या कडेला कोणत्या सेकंदाला टेकला हे कळले पाहिजे. अडचण येथेच. कडेपासून सुटताना शुक्राला काळ्या थेंबासारखी शेपटी आलेली दिसते, आणि शेजारी बसलेल्या दोन निरीक्षकांच्याही वेळा जुळत नाहीत.

डोळ्यावर विसंबू नये, म्हणून फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन (हेच १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी गुंटूरला आले होते) यांनी 'छायाचित्री पिस्तूल' रचले. चांदीचा मुलामा दिलेली गोल तबकडी खटकन् पुढे सरके, थांबे, पुन्हा सरके. ७२ सेकंदांत ४८ चित्रे! डिसेंबर १८७४ मध्ये हे यंत्र जपानात नागासाकी येथे वापरले गेले. चलच्चित्राच्या पूर्वजांत त्याची गणना होते, हा लाभ अनपेक्षितच.

मूळ प्रश्न मात्र राहिलाच. त्या वर्षीच्या छायाचित्रांतही कडा धूसर उतरल्या. थेंबाचा दोष पुष्कळ दिवस वातावरणाला दिला जाई. १९९९ साली ट्रेस उपग्रहाने बुधाचे अधिक्रमण टिपले. बुधाला म्हणण्यासारखे वातावरण नाही, पृथ्वीचेही मध्ये नव्हते, तरी थेंब होताच! दुर्बिणीत प्रतिमा थोडी पसरते आणि सूर्याच्या कडेकडे उजेड मंदावत जातो, ही त्याची कारणे.

शुक्राची पाळी आता २११७ मध्ये. बुध १३ नोव्हेंबर २०३२ रोजी दुपारी आपल्याकडून दिसेल. छायाचित्र घेणाऱ्याने सौरगाळणी दुर्बिणीच्या तोंडावरच बसवावी. डोळ्यापाशी लावलेली काच उष्णतेने तडकते.