बियाण्यातील पाण्याविना जगणारी शक्ती

पाथर्डी, कर्जत, जामखेड भागात रब्बी ज्वारी पेरल्यावर थोडा पाऊस पडून ओढ बसली, तर रानातील बी जगले की गेले, हा प्रश्न दरवर्षी पडतो. याचे उत्तर बियाण्यातील काही प्रथिनांमध्ये आहे.

बहुतेक प्रथिनांना ठरावीक घडी असते. मात्र दाणा पक्व होताना साठणाऱ्या ‘एलईए’ गटातील अनेक प्रथिने पाण्यात सैल सुतळीसारखी, बिनआकाराची असतात. ही प्रथिने १९८१ मध्ये कपाशीच्या बियांत प्रथम वर्णिली गेली. दाणा वाळू लागला की यांपैकी काही प्रथिने पेशींच्या पातळ पडद्यांना चिकटतात आणि चिकटलेल्या भागाला पीळ बसतो. त्यामुळे पडदे फाटण्यापासून वाचतात. वाटाण्याच्या बियांतील अशा एका प्रथिनाचा, वाळताना पीळ घेऊन पडद्याला आधार देण्याचा गुणधर्म २००७ मध्ये दाखविण्यात आला. पाणी मिळताच हा पीळ पुन्हा सुटतो.

बी रुजू लागले की या प्रथिनांचा साठा घटतो. मोड जसजसा वाढतो, तसतशी वाळून जगण्याची शक्ती संपते. म्हणूनच कोरडे बी महिनोन्‌महिने टिकते, पण मोड आलेले बी ताणाने मरू शकते.

काय करावे?

१) बियाण्यासाठी कणसे पूर्ण पक्व झाल्यावरच काढावीत. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसणे ही पक्वतेची खूण आहे. हिरवट दाण्यात ही तयारी अपुरी असते.

२) बियाणे १२ टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्यापर्यंत वाळवून साठवावे.

३) पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी. किमान ७५ दाणे उगवले पाहिजेत.

४) भिजविलेले बी पुन्हा वाळवायचे असल्यास मोड फुटण्यापूर्वीच सावलीत वाळवावे.

५) ओढ बसल्यास रानात चार-पाच ठिकाणी बी उकरून पाहावे. कोरडे, टणक बी असल्यास थांबावे. फुगून वाळलेल्या बियांची गोणपाटात परीक्षा घ्यावी. मोड येऊन सुकला असल्यास त्या बियाची आशा धरू नये. १५ ऑक्टोबरपूर्वी ओल मिळताच दुबार पेरणी करावी.

घाईने रान मोडण्यापूर्वी मूठभर माती उकरून पाहा. बियाण्याची पिशवी आणि हंगाम, दोन्ही वाचतील.