सिरपूरचा विहार आणि बांगड्यांची साक्ष

रायपूरच्या पूर्वेस सुमारे ८० किलोमीटरांवर, महानदीच्या तीरी, सिरपूर हे खेडे वसलेले आहे. दक्षिण कोसलच्या पांडुवंशी राजांची राजधानी श्रीपूर ती हीच. तेथील झाडीने वेढलेली विटांची टेकाडे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५३ ते १९५६ या काळात उकरली, तेव्हा दोन बौद्ध विहार उघडकीस आले. मध्ये अंगण, सभोवती राहण्याच्या खोल्या आणि दारासमोरच्या गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्ध, अशी त्यांची रचना आहे. पैकी मोठा विहार महाशिवगुप्त बालार्जुन राजाच्या काळी आनंदप्रभ नावाच्या भिक्षूने बांधविला, असे शिलालेखावरून कळते.

उत्खननात बांगड्यांचे तुकडेही मिळाले, आणि त्यांवरून येथील एक विहार भिक्षुणींचा असावा असे अनुमान मांडले गेले. अनुमान आकर्षक आहे. परंतु त्यात एक अडचण आहे. विनयाच्या नियमांनुसार भिक्षुणीला अलंकार वर्ज्य असत. मग ही बांगडी फुटली कोणाच्या हातात? ती दर्शनास आलेल्या एखाद्या उपासिकेची असू शकेल, किंवा विहार ओस पडल्यावर तेथे संसार थाटणाऱ्या गृहिणीचीही. ही दुसरी शक्यता काल्पनिक नव्हे. आनंदप्रभाच्या विहारात पुढे शैवांनी वस्ती केली होती. तेथे सोनाराची अवजारेही सापडली. पण त्यांवरून भिक्षू सोनारकाम करीत, असे कोणी म्हणत नाही!

म्हणून बांगडी सापडली यापेक्षा ती कोणत्या थरात सापडली, हे महत्त्वाचे ठरते. मूळ फरशीला चिकटलेला तुकडा विहाराच्या नांदत्या काळातील असू शकतो. पडलेल्या भिंतींच्या विटांवर साचलेल्या मातीतील तुकडा नंतरच्या रहिवाशांचा. काचेच्या घडणीवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. दीक्षितांनी स्वतः भारतीय काचेचा इतिहास लिहिला, तो मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रसिद्ध केला.

लेखाचा आधार मिळाला म्हणजे काम किती सुकर होते, हे बिहारमधील लखीसरायजवळच्या लाल पहाडीवर दिसून आले. २०१७ साली सुरू झालेल्या उत्खननात तेथे टेकडीवरचा मध्ययुगीन विहार मिळाला. पालवंशीय राणी मल्लिकादेवीने विजयश्रीभद्रा या भिक्षुणीस दान दिल्याचे एका मूर्तीवरील लेखात नमूद आहे, आणि तीच या विहाराची प्रमुख होती, असे उत्खननकर्त्यांनी मानले. तेथे निर्णयाचा सारा भार बांगड्यांवर पडला नाही.