कंटेनरमधील फाइल परवानग्या : नोंदींचा मालक कोण?

भिलाई येथील पावर हाउस भागातून एका मराठी कार्यकर्त्याने विचारणा केली आहे. माती परीक्षणाच्या नोंदींची प्रणाली त्यांनी सर्व्हरवर कंटेनरमध्ये बसविली. परंतु नोंद साठविताना ‘परवानगी नाकारली’ असा संदेश येऊ लागला. कोणाच्या तरी सांगण्यावरून फोल्डरला ७७७ परवानगी देताच काम सुरळीत झाले. हे योग्य आहे काय?

नाही. वाचनाचा अंक ४, लेखनाचा २ आणि प्रवेशाचा १. यांची बेरीज ७. तीन वेळा ७ म्हणजे मालक, गट आणि इतर सर्व यांना पूर्ण मुभा. त्या फोल्डरपर्यंत पोहोचणारी कोणतीही सेवा मग शेतकऱ्यांचे मोबाइल क्रमांक वाचू शकते, नोंदी पुसूही शकते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा पाहता ही बाब केवळ तांत्रिक राहिलेली नाही.

मूळ कारण समजून घेऊ. एखाद्या शेताला घरात ‘वडाची पट्टी’ म्हणत असतील. सातबारा मात्र गट क्रमांकावर निघतो. लिनक्सचेही तसेच आहे. फाइलचा मालक नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखला जातो. फोल्डर १००० क्रमांकाच्या वापरकर्त्याचे आणि कंटेनरमधील प्रणाली ९९९ क्रमांकाने चालणारी, तर नकार मिळणारच.

येथे एक गैरसमज फार आढळतो. दोन गावांत एकच गट क्रमांक असला तरी जमिनी भिन्न असतात. त्याप्रमाणे कंटेनर हे निराळे गाव आहे, असे अनेकांना वाटते. वस्तुतः कंटेनर आणि सर्व्हर यांचा कर्नल एकच असतो. आतला ९९९ हाच बाहेरचाही ९९९. आणि आतला शून्य, म्हणजे रूट, हाच बाहेरचाही रूट. खरे निराळे दप्तर हवे असल्यास ‘यूजर नेमस्पेस’ वापरावे लागते. लिनक्सच्या ३.८ आवृत्तीपासून (२०१३) ही सोय परिपूर्ण झाली. तीत आतला शून्य बाहेर, उदाहरणार्थ, १,००,००० ठरतो. डॉकरमध्ये मात्र ती नेहमीच्या मांडणीत आपोआप चालू नसते.

उपाय सोपा आहे. ‘एलएस’ आज्ञेस ‘एन’ हा पर्याय जोडून मालकाचा क्रमांक पाहावा. फोल्डरची मालकी ‘चोन’ने प्रणालीच्या क्रमांकाकडे द्यावी, अथवा प्रणालीच फोल्डरच्या क्रमांकाने चालवावी. दुसरा मार्ग आम्हांला अधिक पसंत आहे. कारण सर्व्हरवर ९९९ हा क्रमांक पुष्कळदा अन्य सेवेकडे असतो आणि नोंदी नकळत तिच्या ताब्यात जातात. त्यानंतर फोल्डरला ७५० व फाइलींना ६४० परवानगी पुरते. पोस्टग्रेस तर आपल्या माहितीच्या फोल्डरला ७०० वा ७५० खेरीज परवानगी दिसल्यास सुरूच होत नाही.

नोंदींची प्रत नव्या सर्व्हरवर ‘टार’ने उघडताना मालकी क्रमांकानुसार ठेवण्याचा पर्याय द्यावा, अन्यथा नावे जुळवून मालकी ठरते आणि हाच संदेश पुन्हा समोर येतो.