पाण्यावर तरणारें शिसें

दगड पाण्यांत बुडतो हें कळण्यास शाळेंत जावें लागत नाहीं. परंतु ऑस्ट्रेलियांतील ब्रोकन हिल या खाणींच्या गांवीं पाण्याहून साडेसात पट जड असें शिशाचें खनिज फेसाबरोबर वर येतें, आणि त्याच पाण्यांतील हलकी वाळू मात्र तळाशीं राहते. असें उलटें कां घडतें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

ब्रोकन हिलचा सांठा चार्ल्स रॅस्प यांस १८८३ सालीं सांपडला. तेथील पाषाणांत शिसें व जस्त हीं दोन्ही गंधकाशीं संयुक्त होऊन एकमेकांत गुंतलेलीं असतात. घरीं सुपांत धान्य पाखडतांना जड दाणा मागें राहतो व हलकें फोल उडून जातें. त्याच न्यायानें तेथें पाषाण कुटून, पाण्यांत धुवून, जड शिसें निराळें करीत. जस्ताची गोष्ट वेगळी. त्याचें खनिज पाण्याच्या चौपट जड, आणि त्याच्या सोबतचे निरुपयोगी दगडहि जवळजवळ तितकेच जड. तेव्हां सुपास दोहोंतील भेद कळावा कसा? विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें जस्तानें भरलेल्या टाकाऊ चुऱ्याचे लक्षावधि टनांचे ढीग पडून होते.

सोडावॉटरच्या पेल्यांत चार मनुका टाकून पाहा. त्या प्रथम तळाशीं जातात. वायूचे बुडबुडे अंगास चिकटले कीं वर येतात, आणि बुडबुडे फुटले कीं पुन्हां खालीं. मेलबर्न शहरीं बीअर बनविण्याचा धंदा करणारे पॉटर व ब्रोकन हिल येथील खाणीचे व्यवस्थापक डेलप्राट यांनीं १९०२ च्या सुमारास आम्लाच्या योगें असेच बुडबुडे उत्पन्न करून त्या ढिगांतील जस्त वर काढलें. पुढें किंचित् तेल घालून हवेनें फेस आणण्याची रीत निघाली. त्या देशीं विपुल मिळणारें निलगिरीचें तेल या कामीं आलें.

परंतु बुडबुड्यानें कोणास धरावें व कोणास सोडावें? पावसांत अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो. पान भिजतच नाहीं. पाणी ज्या कणास असें भिजवूं शकत नाहीं, त्यासच बुडबुडा चिकटतो. निवडक कणांस अळवाच्या पानाचा हा गुण देणाऱ्या पदार्थास संग्राहक म्हणतात.

संग्राहकांत झँथेट हें प्रमुख. डेन्मार्कचे रसायनज्ञ त्साइझे यांनीं तें १८२२ च्या सुमारास शोधिलें, व त्याच्या तांब्याच्या क्षाराचा पिंवळा रंग पाहून ग्रीक शब्दावरून हें नांव दिलें. खाणवाल्यांच्या उपयोगी पडण्यास त्यास शंभर वर्षें लागलीं. खनिजें तरंगविण्यासाठीं त्याच्या उपयोगाचें पेटंट केलर यांस अमेरिकेंत १९२५ सालीं मिळालें. या रेणूचें एक टोक गंधकाच्या दोन अणूंचें. तें शिसें, तांबें अशा धातूंस घट्ट धरतें. दुसरें टोक म्हणजे कर्ब व हायड्रोजन यांची शेपटी. तिला पाण्याचें वावडें. डोकें कणावर रोवलें आणि शेपटी बाहेर राहिली कीं कणाचें अळूचें पान झालें! वाळूच्या कणावर मात्र या गंधकास धरण्याजोगें कांहीं नसतें. एक टन चुऱ्यास शंभर ग्रॅमच्या आसपास, पुष्कळदां त्याहूनहि कमी, झँथेट पुरतें. कारण पृष्ठभागावर एका रेणूच्या जाडीचा, तोहि विरळ, थर बसला तरी काम होतें.

शेपटी लांब केली तर संग्राहक अधिक जोरकस होतो. पण आमच्या मतें जोर हा येथें दुय्यम गुण होय. पांच कर्बांची शेपटी लोहाचें गंधकयुक्त खनिजहि ओढून आणूं लागते, आणि मग निवडण्याचें काम पुन्हां डोक्यावर बसतें.

जस्तावर तर झँथेट नीट टिकतच नाहीं. यावर ब्रोकन हिल येथेंच लेस्ली ब्रॅडफोर्ड यांनीं तोड काढिली, तीहि साध्या मोरचुदाची. आमचे द्राक्षबागाईतदार बोर्डो मिश्रणांत घालतात तेंच हें. मोरचुदांतील तांबें कणाच्या पृष्ठभागावरील जस्ताची जागा घेतें; कण आंतून जस्ताचा, वरून तांब्याचा होतो, आणि झँथेट फसतें. म्हणून जस्त निजलेलें असतांनाच शिशाचा फेस आधीं काढून घेतात; नंतर मोरचूद घालून त्यास जागें करितात.

झँथेट हें मद्यार्क, दाहक क्षार व कार्बन डायसल्फाइड यांपासून बनतें, आणि आम्लाचा स्पर्श होतांच तें कार्बन डायसल्फाइड पुन्हां सुटतें. त्याची वाफ विषारी असून सहज पेट घेते. ओलाव्यानेंहि झँथेट हळूहळू बिघडतें. म्हणून कारखान्यांत त्याचीं पिंपें कोरड्या, थंड व हवेशीर जागीं ठेवितात, आणि फेसाच्या हौदांतील पाणी चुन्यानें आम्लापासून राखितात. हें पाणी नदीनाल्यांत गेल्यास मासे मरतात. त्यास बाहेर वाट न देतां बांध घालून अडवावें लागतें, व शक्य तेवढें फिरवून पुन्हां हौदांत घेतात.