उसन्या मेमरीचा हिशोब

अगं, डिझायनिंगचा कोर्स संपला, पहिल्या जॉबवर्कचे पैसे हातात आले आणि आता तुला स्वतःचा लॅपटॉप घ्यायचाय, हे ऐकून फार बरं वाटलं. आपल्या सुरतेतल्या लिंबायत-डिंडोलीच्या पोरी घरबसल्या साड्यांचे प्रिंट काढतात, एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करतात, आता त्यात तुझीही भर. पण दुकानात जायच्या आधी ताईचं एक ऐक. तिथे कुणीतरी तुला म्हणेलच, ‘बेन, आमां आठ जीबी ग्राफिक्स छे.’ लगेच मान डोलवू नकोस. एवढंच विचार, हे आठ जीबी कुणाचे? ग्राफिक्सचे स्वतःचे, की रॅममधून उसने घेतलेले?

चित्र पडद्यावर उमटायचं तर आधी ते कुठल्यातरी मेमरीत असावं लागतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याची मेमरी त्याच्याच अंगावर असते. पण स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच लॅपटॉपांत वेगळं कार्ड नसतंच, ग्राफिक्स प्रोसेसरच्या चिपमध्येच बसवलेलं असतं. त्याला स्वतःची मेमरी नाही. एकाच ओट्यावर दोन जावांनी स्वयंपाक करावा, तसे प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच रॅमवर भागवतात.

हे भागवणं दोन तऱ्हांनी होतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे. पहिली तऱ्हा राखीव मेमरीची. मशीन सुरू होतानाच रॅमचा एक तुकडा ग्राफिक्ससाठी बाजूला काढला जातो आणि विंडोजला तो वापरता येत नाही. 8 जीबी रॅमच्या काही लॅपटॉपांवर ‘वापरता येण्याजोगी’ रॅम सहाच्या आत दिसते, ती यामुळे. दुसरी तऱ्हा लागेल तशी घेण्याची. विंडोज साधारण निम्म्या रॅमपर्यंत ग्राफिक्सला मुभा देते. ती फक्त कमाल मर्यादा असते. काम नसेल तर ती रॅम तुझ्या बाकीच्या प्रोग्रॅमांना मोकळीच असते. म्हणून ‘शेअर्ड 8 जीबी’ वाचून आपली निम्मी रॅम गेली असं समजून घाबरू नकोस, आणि आपल्याला 8 जीबीचं कार्ड मिळालं असं समजून हुरळूनही जाऊ नकोस.

खरं काय ते दुकानातच कळतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सवर, टिचकी मार. खाली ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ असे दोन आकडे वेगवेगळे दिसतील. डेडिकेटेडचा आकडा नसेल किंवा अगदी किरकोळ असेल, तर ग्राफिक्स उसन्यावर चाललंय. दुकानदार दाखवतो तो बहुधा डिस्प्लेच्या प्रॉपर्टीजमधला ‘टोटल’ आकडा. त्यात हे दोन्ही मिळवलेले असतात. इंटेलच्या कित्येक लॅपटॉपांत तिथे डेडिकेटेड 128 एमबी असतं आणि बाकी सगळं शेअर्ड.

ही युक्ती आजची नाही गं. 1999 साली इंटेलने 810 चिपसेट काढला, त्यातलं ग्राफिक्स मुख्य रॅमवरच चालायचं. मशीन स्वस्त झाली ती अशी. 2004 मध्ये एनव्हिडियाने टर्बोकॅशची कार्डं आणली. खोक्यावर 128 एमबी ‘सपोर्ट’ आणि कार्डावर प्रत्यक्षात 16 किंवा 32. बाकीची मेमरी रॅममधून. तेव्हा मोठा आकडा पुढे करायची रीत जुनीच आहे.

आता तुझ्या कामाचं बघू. डिजिटल प्रिंटची अख्खी साडी घे. साडेपाच मीटर लांबी, 44 इंच पन्हा, 150 डीपीआय. म्हणजे सुमारे 32,500 गुणिले 6,600 पिक्सेल, एकवीस कोटींच्या वर. रंगाचे तीन बाइट धरले तर एकाच भरलेल्या लेयरचे 640 एमबी झाले. फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल 30,000 पिक्सेलांपुढे जात नाही, त्यामुळे ही पीएसबी म्हणूनच सेव्ह करावी लागते. त्यात पल्लू वेगळा, बॉर्डर वेगळी, बुट्टे वेगळे! उलट फुल एचडी पडद्यावर दिसणाऱ्या एका चित्राला लागतात जेमतेम 8 एमबी. फोटोशॉप हे लेयर मुख्यतः रॅममध्ये ठेवतं. ग्राफिक्स लागतं ते झूम करायला, कॅनव्हास सरकवायला आणि काही फिल्टरांना. रॅम संपली की डिस्कवर लिहिणं सुरू होतं, आणि मग प्रत्येक ब्रशला थांबत बसायचं.

म्हणून तुला सांगते, प्रिंटच्या कामाला आधी रॅम बघ. 8 जीबीत भागणार नाही. 16 घे, पुढे 32 करता येतील असा लॅपटॉप घे. आणि शक्यतो दोन पट्ट्यांत घे. डीडीआर4-3200 ची एक पट्टी सेकंदाला फार तर 25.6 जीबी वाहते, जोडी लावली की 51.2. ग्राफिक्स त्याच रॅमवर जगत असेल तर हा फरक त्याला ठळक जाणवतो. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत तेही लिहिलेलं असतं. रॅम बोर्डावरच डकवलेली असेल आणि स्लॉट नसेल, तर पुढे वाढवायचं नावच काढायला नको.

कुणी म्हणेल, बायोसमध्ये जाऊन ग्राफिक्सची राखीव मेमरी वाढवून देतो. नको म्हण. त्याने चिपची ताकद वाढत नाही, तुझी रॅम मात्र तेवढी कमी होते. एखादा प्रोग्रॅम डेडिकेटेडचा आकडा पाहून उघडायलाच नकार देत असेल, तेवढ्यापुरतं ते ठीक.

उद्या दागिन्यांच्या कॅडकडे वळलीस, ऱ्हायनोत अंगठ्या काढून रेंडर करायला लागलीस, तर गोष्ट वेगळी. तिथे स्वतःची मेमरी असलेलं कार्डच हवं. जीटीएक्स 1650 सारखं जुनं कार्डसुद्धा आपल्या मेमरीतून सेकंदाला 128 जीबी वाचतं. पण त्याचे 4 जीबी भरले की तेही रॅमकडे हात पसरतं, आणि मधला पीसीआय एक्सप्रेस 3.0 चा रस्ता सोळा लेनचा असला तरी एका दिशेला जेमतेम 16 जीबीचा. काम बंद पडत नाही, रखडतं. म्हणून कार्ड घेताना त्याची मेमरी तुझ्या फाइलींना पुरते का ते आधी बघ.

मेमरी वाटून घेणं मुळात वाईट नाही हं. ॲपलने 2020 मध्ये एम1 चिप आणली, तिच्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच वेगवान मेमरीवर चालतात आणि छान चालतात. फक्त ती मेमरी नंतर वाढत नाही, घ्यायची ती पहिल्याच दिवशी पुरेशी घ्यायची.

तेव्हा पैसे मोजण्याआधी तुझी एक खरी साडीची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा, तिथेच उघड, झूम करून बघ, टास्क मॅनेजरचे दोन्ही आकडे वाच. जो दुकानदार हे करू देणार नाही, त्याच्याकडून घेऊ नकोस. सुरतेत दुकानांना तोटा नाही, आणि पैसे तुझ्या कष्टाचे आहेत.