पॅलेटच्या फळ्यांची पुस्तक-मांडणी

अभ्यासिकेला पुस्तके देणगीत मिळतात, परंतु ती ठेवण्यासाठी मांडणी कोणी देत नाही. आपली स्पर्धा परीक्षेची पुस्तके पहिले वर्षभर भिंतीलगत जमिनीवरच रचलेली होती. पावसाळा संपल्यावर तळचा थर उचलला, तेव्हा पुठ्ठ्याखाली मातीच निघाली. आतली पाने वाळवीने पोखरली होती. ज्या मुलांनी पदरमोड करून ती दिली होती, त्यांना काय सांगावे हे मला सुचेना, कारण "राहू द्या तशीच" म्हणणारा मीच होतो. त्यानंतर टाकाऊ पॅलेटपासून आम्ही जी मांडणी केली, तिची माहिती येथे देत आहे.

पॅलेट म्हणजे जड माल ठेवण्याची लाकडी चौकट. यंत्रे, टाइल्स तिच्यावर रचून येतात व खालच्या फटीत फोर्कलिफ्टचे दाते शिरतात. माल उतरला की ती बऱ्याचदा भंगारात जाते. आम्हाला ती सोलापूरला भंगाराच्या दुकानात मिळाली.

घेताना तेलाचे वा रसायनाचे डाग असलेली पॅलेट सरळ बाजूला ठेवावी. परदेशी व्यापारातील पॅलेटवर गव्हाच्या कणसाचा शिक्का असतो. त्यात 'एचटी' ही इंग्रजी अक्षरे असल्यास लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले असते. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ती आम्ही घेतली नाही. मात्र हा शिक्का प्रवासातील किडीपुरता आहे. पुढे घरात वाळवी लागणार नाही, अशी हमी तो देत नाही.

फळ्या सोडवताना पहारीने उचकटू नयेत. पॅलेटचे खिळे पीळदार असतात, ओढले की फळी टोकाला चिरते. सांध्यात हॅकसॉचे पाते घालून खिळाच कापावा. उरलेले तुकडे लोहचुंबकाने शोधावेत, नाहीतर सुताराच्या रंध्याचे पाते जाते आणि त्याची बोलणी आपल्याला खावी लागतात. स्क्रू लावण्यापूर्वी बारीक भोक पाडावे.

आता मुख्य मुद्दा आधाराचा. पुस्तके दिसतात त्यापेक्षा फार जड असतात. बँकेच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या लेजरांखाली वाकलेल्या फळ्या मी रोज पाहत असे, तरी आमची पहिली मांडणी मी चार फूट लांबीची केली. महिन्याभरात फळीला झोळीसारखा बाक आला. याचे गणित साधे आहे. फळीवर सारखे ओझे असताना दोन आधारांतील अंतर दुप्पट केले, तर बाक दुप्पट नव्हे, सोळापट होतो. जाडी दुप्पट केली, तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. पॅलेटची फळी जेमतेम २० मिलिमीटर जाड. ती जाड करता येत नाही, तेव्हा अंतरच कमी करायचे. एक मीटरची फळी मधोमध कापली की सुमारे वीस इंचांचे दोन तुकडे होतात. पुस्तकांसाठी तेवढेच ठीक. चार इंची दोन फळ्या अर्धा इंच फट ठेवून शेजारी लावल्या, की मोठी पुस्तके मावतात आणि हवाही खेळते.

वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करून वर येते. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी खांब कधी मातीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभा करीत. आम्ही तेच केले: पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे, आणि भिंतीपासून दोन इंच अंतर, म्हणजे नळी चढू लागली तर लगेच दिसते.

परंतु अशी सुटी उभी मांडणी पुढे कलंडू शकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उमरगा व औसा तालुक्यांत काय झाले, ते आपल्या जिल्ह्याला सांगावे लागत नाही. मांडणीखाली मुले सतरंजीवर बसतात. म्हणून मागे दोन इंची लाकडी ठोकळे देऊन वरची चौकट लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला पक्की केली. ठोकळे सलग न देता दोनच ठिकाणी दिले, म्हणजे मागची भिंत दिसत राहते. जाड संदर्भग्रंथ तळाच्या कप्प्यात आणि मासिके वर. तळाची फळी जमिनीपासून सहा इंच वर आहे. केरसुणी आत जाते आणि दर रविवारी झाडणारा विद्यार्थी वाकून चारही पाय पाहतो.