मुलीचं शिक्षण दहावीवर थांबू नये म्हणून

प्रश्न : माझे पती औष्णिक वीज केंद्रात कंत्राटी कामगार आहेत. मुलगी दहावीत आहे, हुशार आहे. घरात आजवर कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. पुढचा खर्च कसा झेपणार? – एक आई, खापरखेडा

उत्तर : ताई, पैशांची वाट निघते, खरी अडचण कागदांची. उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा दाखला आणि ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर, यांच्या मागे आत्ताच लागा. निकालानंतर सेतू केंद्रात झुंबड उडते आणि त्यात प्रवेशाची मुदत टळते.

2024-25 पासून राज्यात इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असण्याची. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यात माफी नाही. वसतिगृह, पुस्तकं, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा धरा. अनुसूचित जातीच्या मुलीला शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पासही मोफत मिळतो.

आता मनातलं सांगते. घरात कुणी शिकलेलं नसलं की अकरावीत विषय निवडताना विचारायला माणूसच नसतं. गणित अवघड म्हणून सोडलं तर इंजिनिअरिंगचं दार तिथंच बंद होतं, हे मुलीला फार उशिरा कळतं. म्हणून शाळेतल्या एका बाईंना गाठा, गुणपत्रिका घेऊन तिघी बसा. नागपूरला एखादं कॉलेज तिला आधी दाखवून आणा. तिच्या बाबांनाही सोबत न्या. अकरावीला जाताना वस्तीतल्या दोन-तीन मुली एकाच बसने निघाल्या, तर घरच्यांची काळजी निम्मी होते.